एका मोकळ्या हाताचा खेळ

समजा, उद्या तुम्हाला कोणी सांगितलं, की व्हिडिओ गेमचं एक यंत्र निवडून आणा. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यांसाठी. तुम्ही दुकानात जाता. समोर चार खोकी मांडलेली. पहिलं सगळ्यात मोठं, टीव्हीला जोडायचं. त्यातलं चित्र असं, की गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं. दुसरं त्याचंच धाकटं भावंड. ताकद जवळपास तेवढीच, पण चकती घालायला जागा नाही, सगळे खेळ इंटरनेटवरून उतरवायचे. तिसरं लहानखुरं. मध्ये पडदा, दोन बाजूंना दोन मुठी. वाटलं तर हातात धरून खेळा, वाटलं तर टीव्हीला जोडा. आणि चौथं हुबेहूब तिसऱ्यासारखं, फक्त जरा हलकं आणि जरा स्वस्त.

कोणतं उचलाल?

उत्तराची घाई करू नका. या गोष्टीतल्या टेक्निशियनने ती केली होती, आणि तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

तो डायलिसिसच्या वॉर्डात काम करतो. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत अशी माणसं तिथे एक दिवसाआड येतात, पलंगावर टेकून बसतात, आणि पलंगाशेजारचं यंत्र चार तास त्यांचं रक्त बाहेर घेतं, धुतं आणि परत देतं. यंत्र धुऊन तयार ठेवणं, नळ्या लावणं, सुया टोचणं, आकडे बघणं हे त्याचं काम. खरं तर इलेक्ट्रॉनिक्स शिकताना त्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. पण एकदा कॉलेजच्या सहलीत कोणीतरी अशा यंत्राचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत पंप, हीटर, सेन्सर, झडपा अशी एवढीशी जागा गच्च भरलेली. हा पठ्ठ्या बाकीची मुलं बसमध्ये जाऊन बसली तरी तिथेच वाकून उभा. सर हाताला धरून घेऊन गेले. तेव्हापासून टीव्हीचं दुकान जे मागे पडलं ते पडलंच.

आता त्याचे कान पार बिघडलेत. घरी फ्रिजचं दार उघडं राहून टूं टूं वाजलं, की हा जेवणावरून उठतो. चहाचा कप उचलण्याआधी कोपरापर्यंत हात धुतो. आणि काहीही विकत घ्यायचं म्हटलं, की तक्ता करतो. कुकर घेतला तेव्हा तक्ता, पडदे घेतले तेव्हा तक्ता.

"लग्नाआधी माझाही केला होतास का रे?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"केला होता."

"मग?"

"दुसऱ्या रकान्यात लिहायला कोणी मिळालंच नाही."

तर वॉर्डातल्या एका तरुण पेशंटला नवी किडनी मिळाली. सुटल्याच्या आनंदात त्याने आणि त्याच्या घरच्यांनी वॉर्डाला भेट द्यायचं ठरवलं. "भिंतीवरचं घड्याळ देऊ नका," पेशंट स्वतःच म्हणाला, "त्याच्याकडे बघून बघून माझी मान आखडली आहे. चार तास जातील असं काहीतरी द्या." त्यातून व्हिडिओ गेम निघाला. निवडायचं काम कोणाकडे? तर ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्याच्याकडे.

मोठ्या सिस्टरांनी त्याला औषधांच्या कपाटापाशी बोलावलं. या सिस्टर म्हणजे वॉर्डाचा कणा. त्यांच्यापुढे डॉक्टरही बूट पुसून येतात.

"हे बघ, तुझे ते गिगाबाइट वगैरे मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मला एकच पाहिजे. ड्रायव्हरकाका चार तास बसले पाहिजेत."

ड्रायव्हरकाका पाच नंबरच्या पलंगावर असत. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. माणूस दिलदार, पण अडीच-तीन तास झाले की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. "ए मशीनवाल्या, सोड आता. बास झालं." समजावलं, दटावलं, डॉक्टरांनी हात जोडले, उपयोग शून्य. स्वतःच्या जबाबदारीवर जातो म्हणून सही ठोकायचे आणि चालू पडायचे. अंगात साठलेलं पाणी पुरतं निघायचं नाही. मागच्या महिन्यात त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. पाय इतके सुजलेले की चपला मुलाच्या हातात, आणि एक वाक्य बोलायला तीन वेळा थांबत होते. त्या वेळी निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दोन दिवसांनी पुन्हा तासभर आधी उठले.

"काका, आयुष्यभर बसूनच तर काम केलंत," टेक्निशियनने एकदा वैतागून विचारलं होतं. "मग इथेच काय टोचतं?"

"बसण्याचं काही नाही रे," काका म्हणाले होते. "बसलोय आणि बाहेर काहीच हलत नाही, ते सहन होत नाही."

हे वाक्य टेक्निशियनच्या डोक्यात घर करून होतं. त्यामुळे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घ्यायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं. प्रश्न होता यंत्राचा. त्याने रीतसर तक्ता मांडला. पंख्याचा आवाज किती? वॉर्डात गजर ऐकू आला पाहिजे. वायर किती लांब? कोणी अडखळून पडता कामा नये. प्रत्येक पेशंटनंतर औषधाच्या फडक्याने पुसता येईल का? फटी किती, खाचा किती? हॉस्पिटलचं इंटरनेट तर पावलोपावली रुसणारं, म्हणून बिनचकतीचं मॉडेल आधीच बाद.

बायकोचं मत मात्र केव्हाच तयार होतं. ती विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासते आणि संध्याकाळी मैत्रिणींशी गेम खेळून दिवसभराचा राग काढते. घरात तिचं एक जुनं यंत्र आहे. त्याला हात लावायचा तर परवानगी लागते.

"मोठंच घे," ती म्हणाली. "काय चित्र आहे! रस्त्यावरच्या डबक्यात ढग दिसतात."

"हे तू पेशंटसाठी सांगते आहेस ना?"

"पेशंटसाठीच. पण वॉर्डात नेण्याआधी आठवडाभर घरी तपासून बघायला हवं की नको? जबाबदारीचं काम आहे."

तक्त्यातही मोठंच पहिलं आलं. पंखा शांत, हातात धरायचा कंट्रोलर गुळगुळीत, फटी कमी. दुसऱ्या दिवशी घेऊन यायचं ठरलं. त्या संध्याकाळी बायको सोफ्यावर बसून तिच्या जुन्या यंत्रावर शर्यत खेळत होती, आणि हा शेजारी भाजी निवडत होता. एक अवघड वळण आलं. तिने कंट्रोलर दोन्ही हातांनी घट्ट धरून अख्खं अंग वळवलं, आणि याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "डावा हात सरळ ठेवा! सुई हलेल!"

गाडी भिंतीवर. बायको वळून बघते, तर नवरा हातातली भाजी तशीच धरून दगडासारखा बसलेला.

"काय झालं?"

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते आहेच. आज विशेष काय?"

विशेष असं होतं, की डायलिसिसच्या पेशंटचा एक हात खेळायला नसतोच. त्या हातात दोन सुया असतात, एक रक्त बाहेर नेणारी, एक परत आणणारी. चार तास तो हात उशीवर सरळ ठेवायचा. जरा वाकला, की यंत्र बोंब मारतं. "हात हलवू नका" हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणतो, की झोपेतही म्हणत असेल. आणि वायर, पंखा, फटी सगळं मोजलेल्या या माणसाने हातच मोजले नव्हते. चारही खोक्यांवरच्या चित्रांत हसणाऱ्या माणसांना दोन दोन हात होते, आणि त्याला ते खटकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला तो तक्ता घरी ठेवून. काउंटरवर डावा हात तळवा वर करून सरळ ठेवला आणि विक्रेत्याला म्हणाला, "आता एकेक द्या."

विक्रेता बिचारा हाताकडे बघत राहिला. "लागलंय का साहेब?"

"नाही. हा पेशंटचा हात आहे."

विक्रेत्याने मान हलवली. अशा गिऱ्हाइकांशी वाद घालायचा नसतो, हे त्याला ठाऊक असावं. मोठ्या यंत्राचा कंट्रोलर एका हातात घेतला, तर अंगठा अर्ध्या बटणांपर्यंत पोचेना. टेबलावर टेकवून पाहिला, मांडीवर धरून पाहिला, हनुवटीखाली दाबूनही पाहिला. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

"यात एका हाताचं काही आहे का?" त्याने विचारलं.

"मग हे बघा." विक्रेत्याने लहान यंत्र पुढे सरकवलं. "यातलं हलकं मॉडेल फार खपतं."

टेक्निशियनने एका बाजूची मूठ धरली आणि ओढली. निघेना. जोर लावला.

"अहो साहेब, तुटेल! यात मुठी जोडलेल्याच असतात. सुट्या होणारं ते दुसरं."

मग सुट्या होणाऱ्या मुठींचा नमुना हातात आला. एक खटका दाबला, मूठ वर सरकवली, आणि ती अलगद निघाली. बोटभर रुंद, साबणाच्या वडीपेक्षा हलकी. अंगठ्याखाली गाडी वळवायचा दांडा, तर्जनीखाली गॅस. कोणत्या बटणाने काय करायचं हेही बदलून घेता येत होतं. त्याने डावा हात तसाच काउंटरवर ठेवून एका हाताने अख्खी शर्यत खेळली. सातवा आला, पण सुई हलली नाही.

मग त्याचं लक्ष दुसऱ्या मुठीकडे गेलं. ती अजून पडद्याला चिकटून होती. डाव्या हाताची.

पाच नंबरच्या काकांच्या सुया डाव्या हातात, म्हणजे मोकळा हात उजवा. शेजारी सहा नंबरला शाळेच्या बाई. निवृत्त, नागरिकशास्त्र शिकवलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांच्या डाव्या हाताच्या शिरा कधीच दमल्या होत्या, म्हणून सुया उजव्या हातात आणि मोकळा हात डावा. पूर्वी त्या पुस्तक आणायच्या. पण एका हाताने पान उलटताना पुस्तक मिटायचं, म्हणून अलीकडे नुसत्या छताकडे बघत पडायच्या.

एक कंट्रोलर. एक उजवा हात, एक डावा हात.

"हेच द्या," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण विक्रेता दचकला. मग याने खिशातून औषधाचं फडकं काढून नमुना नीट पुसायला घेतला, तेव्हा विक्रेत्याने हात टेकले. "साहेब, तुम्ही घ्याच. घरी नेऊन आंघोळसुद्धा घाला."

बायकोने खोकं बघून नाक मुरडलं. "डबक्यात ढग दिसणार नाहीत यात."

"ढग नकोत. काका दिसले पाहिजेत पलंगावर."

पहिल्या दिवशी दोन्ही मुठी त्याने पातळ पारदर्शक पिशव्यांत गुंडाळल्या, वॉर्डातला टीव्हीचा रिमोट गुंडाळतात तशा. पाच आणि सहा नंबरच्या मध्ये, दोघांना दिसेल असा, खेळाचा पडदा उभा केला.

"हे काय पोरखेळ?" काका म्हणाले.

"ट्रक आहे यात, काका."

"बघू."

शर्यत सुरू झाली. काकांनी आरसा शोधला, मिळाला नाही. "आरसा नाही? कोणी पास केली ही गाडी?" मग अगदी बेताने निघाले. आपली बाजू सोडली नाही, वळणाआधी वेग कमी केला, घाटात गॅस सांभाळला. बाकीच्या गाड्या झूंकन गेल्या. काका ढिम्म.

आणि बाई? चाळीस वर्षं मुलांना रांगेत उभं करणाऱ्या, रस्ता ओलांडण्याचे नियम पाठ करून घेणाऱ्या बाईंनी गॅस दाबला तो सोडलाच नाही. दोन गाड्यांना घासलं, कठड्यावर आपटल्या, एकदा तर कोणाच्या तरी टपावरून गेल्या. चेहऱ्यावर समाधान असं, की बघत राहावं.

"अहो बाई! बाई, वळण आहे पुढे!"

"दिसतंय मला."

"मग ब्रेक दाबा ना!"

"ब्रेक कुठे असतो?"

नेमका तेव्हा काकांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगला. तो सुयांच्या हाताला बांधत नाहीत, म्हणून खेळणाऱ्या हातावरच होता. आकडा आला आणि यंत्र किंचाळलं. टेक्निशियनची पाचावर धारण बसली. तो धावला, मोठ्या सिस्टर त्याच्या आधी पोचल्या.

"काका, डोकं दुखतंय? छातीत कळ? श्वास लागतोय?"

"छातीत काही नाही!" काका गरजले. "डोक्यात जातंय! आधी त्या बाईंना सांगा, वळणावर ओव्हरटेक करू नका म्हणावं!"

सिस्टरांनी मुठी काढून घेतल्या. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर दाब नेहमीसारखा. टेक्निशियनचा जीव भांड्यात पडला, पण सिस्टरांची नजर काही त्या खेळण्यावरून हटेना. "हे तुझं यंत्र माझ्या पेशंटला घेऊन जाईल. नेऊन टाक घरी."

बायको खूश झाली असती. पण टेक्निशियन आकड्यांचा माणूस. त्याने डॉक्टरांना विचारून, सिस्टरांना पलंगाशी उभं करून, पुढच्या खेपेला काकांना एकट्याला खेळवलं. दाब जागच्या जागी, उलट थोडा शांतच. मग काकांनी नुसतं बघायचं आणि बाईंनी चालवायचं. आकडा टणकन वर. काकांना त्रास खेळाचा होत नव्हता, बाईंच्या ड्रायव्हिंगचा होत होता.

डॉक्टर हसून लोटपोट झाले, आणि मग त्यांनी नियम घालून दिला. पट्टा फुगायच्या आधी दोघांनी हातातलं खाली ठेवायचं, आकडा जास्त दिसला तर खेळ बंद. बाईंनी तो नियम ताबडतोब हाती घेतला. वेळ झाली की त्या खणखणीत आवाजात पुकारायच्या, "मधली सुट्टी!" आणि अख्खा वॉर्ड हसायचा.

त्या आठवड्यात काकांनी बाईंना ब्रेक शिकवला. गॅस कधी सोडायचा, वळणात गाडी कुठून घालायची, उतारावर घाई का करायची नाही. बाई ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि जाऊन कठड्यावर आपटायच्या.

"किती मुलं नापास केलीत हो तुम्ही?" काका विचारायचे.

"तुमच्यासारखी एकही नाही. तुमच्यासारखी आधीच शाळा सोडून जायची."

"मी सोडली नव्हती. शाळेने मला सोडलं."

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. टेक्निशियन चार नंबरच्या नळ्या बदलत होता. पाच नंबरचं यंत्र काम संपल्याचा सूर वाजवू लागलं. त्याने सवयीने त्या आवाजाकडे बघितलं आणि हातातली नळी तशीच राहिली. हा सूर काकांच्या यंत्राने वाजवलेला त्याने कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. पूर्ण चार तास. तो हातमोजे घालून लगबगीने गेला.

"चला काका, झालं. सुया काढू."

"थांब रे," काका पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "बाई अजून पोचल्या नाहीत."

सिस्टर औषधांच्या कपाटामागे गेल्या आणि बराच वेळ तिथेच काहीतरी शोधत राहिल्या.

त्यानंतर काका दर खेपेला पूर्ण वेळ बसू लागले. पायांची सूज उतरली, चपला पायात आल्या. शर्यतीत मात्र त्यांची प्रगती नाही. दर वेळी बाईंच्या मागे. तेही फार नाही, जेमतेम एका गाडीच्या अंतराने. बाई जिंकल्या की वॉर्डभर सांगतात, आणि काका म्हणतात, "पोचलात ना धडपणे, बास."

परवा बाईंना तपासणीसाठी दुसरीकडे पाठवलं होतं. सहा नंबरचा पलंग रिकामा. टेक्निशियनला धाकधूक, आता काका उठणार. काकांनी विचारलं, "पुढच्या खेपेला येणार ना त्या?" येणार म्हटल्यावर मूठ हातात घेतली आणि एकटेच खेळू लागले. टेक्निशियन त्यांच्यामागे उभं राहून आकडे बघत होता. आकड्यांवरून नजर पडद्यावर गेली आणि तिथेच खिळली. काका घाट उतरत होते, एका बोटाने, एकही ओरखडा न पाडता. पहिली गाडी मागे टाकली, दुसरी टाकली, बघता बघता सगळ्या टाकल्या. पहिले आले. पुन्हा खेळले, पुन्हा पहिले. मागची गाडी पडद्यावर दिसतसुद्धा नव्हती.

चार तास संपले. सुया काढताना टेक्निशियनला राहवेना.

"काका, एक विचारू? बाई असताना तुम्ही कधीच पहिले कसे येत नाही?"

काका टोचलेल्या जागेवर कापूस दाबून धरत म्हणाले, "तू तुझी मशीन धू."

तो ती धुतो आहे. पण वॉर्डातला कोणताही आकडा त्याला सांगत नाही, आणि घरी बायकोलाही त्याने दोनदा विचारून पाहिलं: काका त्या शर्यतीत खरंच हरतात, की बाई घाट सुखरूप उतरेपर्यंत मुद्दाम त्यांच्या मागून गाडी चालवतात?